कारणाच्या जागी लिहिलेला दैवी कोप

अर्जदार : मी स्वतः, वडूज येथे कचेरीसमोर लिंबाखाली टेबल मांडून बावीस वर्षे अर्ज लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ अधिक. दिनांक : गेल्या उन्हाळ्यातील एक बाजारवार. साक्षीदार : पूर्वेकडील वस्तीवरचे एक वृद्ध मेंढपाळ व त्यांची सून. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

वस्तुस्थिती अशी. वस्तीची जुनी विहीर माघातच आटली होती. देव कोपला असे मानून वडीलधाऱ्यांनी येत्या अमावास्येला ती बुजवण्याचे ठरवले होते. सुनेला ती वाचवायची होती, म्हणून सरकारी पाहणीसाठी अर्ज हवा होता. मी वळणदार अक्षरात लिहिले, ‘दैवी कोपामुळे विहीर कोरडी पडली असून...’ हे माझे ठेवणीतले वाक्य. गारपीट होवो, वीज पडो, कारणाच्या जागी मी तेच लिहीत आलो.

“आवं भाऊ, ते खोडा,” सून म्हणाली. “कोपाला सायेब टेप लावणार व्हय?”

“बाई, हे वाक्य कलेक्टरसाहेबांपर्यंत गेलेले आहे.”

“गेलं. पर उत्तर आलं का?”

मी टोपण लावून पेन खाली ठेवले.

ती मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला बसली होती. पिशवीतले पुस्तक काढून तिने प्राचीन ग्रीक विचारवंतांची हकिकत सांगितली. एक म्हणाला, सारे पाण्यापासून झाले. पृथ्वी पाण्यावर ओंडक्यासारखी तरंगते, पाणी हलले की धरणीकंप होतो. दुसऱ्याने मूळ हवेत पाहिले, तिसऱ्याने अग्नीत.

“म्हंजी समदेच चुकले की गं!” सासरे हसले. “मेंढरं नसतील त्यांच्यात. तवाच येवढी सवड.”

“चुकले, मामंजी. पर कुणाच्या रागावर ढकललं न्हाई. म्हणून तर मागनं येणाऱ्याला चूक काढता आली.”

माझे बालपण पाटणकडचे, भूकंपाच्या पट्ट्यातले. धरणी हादरली की आम्ही कोणाचे काय चुकले ते शोधत असू. जमिनीखाली काय असेल, हे मी एकदाही विचारले नव्हते. मी तो कागद फाडला आणि सासऱ्यांना विचारले, “पाणी कधीपासून उतरले?”

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, “दिवाळीला लोकर कातरली तवा चार पायऱ्या उघड्या हुत्या. मग वरल्या अंगाला दोन बोअर मारल्या. म्हैन्यात सातवी दिसली. पौषात अकरावी.” बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. “आयला, हे मलाच ठावं हुतं की! लिवा. पाहणी हुईस्तवर हीर कोन बुजवतंय, बगतो मी.”

कारणाच्या जागी दोन बोअर लिहून, पायऱ्यांच्या हिशेबासह अर्ज दाखल झाला. अमावास्या उलटून गेली. पाहणी अद्याप व्हायची आहे, पण विहीर आजही उघडी आहे. वस्तीवर आता पायऱ्यांना चुन्याने आकडे घातले आहेत.

सबब नम्र विनंती की, पाहणी करून कारण लेखी कळवावे. आम्ही दिलेले कारण चुकीचे ठरल्यास खरे कारण द्यावे, ते मान्य असेल. मात्र ‘कोप’ हे उत्तर यापुढे स्वीकारले जाणार नाही.