बंपर कुणी ठोकला

हिराबाईनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते जीपचा बंपर बसवण्याचं. सकाळच्या उन्हात, अंगणात. मी गोणपाटावर उताणा, हातात पाना. ती समोर उकिडवी बसून दोन्ही हातांनी बंपर वर उचलून धरलेली.

"सावकाश पिळा," म्हणाली. "मागल्या खेपेला बोल्टाचे आटे घालवलेत तुमी."

"तू नीट धर, मग कशाला जातात आटे?"

"मीच धरते म्हणून तर बसतोय. एकट्यानं बसवून दाखवा."

जुन्या ट्यूबची पट्टी कापून मध्ये घातली, वर तारेचे चार वेढे दिले. तिनं पदराला हात पुसले आणि बंपराला एक थाप मारली, म्हशीला मारतात तशी. "बारकूचे उपकार," म्हणाली. "बारा वर्षं उचलतेय."

हिराबाई माझी बायको. बारकू तिचा धाकटा भाऊ. आणि बंपर बारकूनं ठोकला नव्हता.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिलं. तोंडानं तर कधी बोललोच नाही — पोरीजवळ नाही, देवाजवळ नाही. बारकू अजून आहे, खर्डीच्या पुढं त्याचं घर आहे. त्याच्याजवळही नाही. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्हाला माझं तोंड बघायचं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. मांडून सांगता येत नाही, येईल तसं सांगतो.

आमचं घर टोकावड्याच्या अलीकडं. नव्वद साल उलटून चारपाच वर्षं झाली असतील, तेव्हा जुनी जीप घेतली. मुरबाडपर्यंत सीटं भरायचो. दारू प्यायचो, हेही सांगतो. जीप दारात आली त्या दिवशी हिराबाईनं पोरीला पुढं आणलं — संगीता, सहा वर्षांची. माझा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि दारू सोडायची शपथ घ्यायला लावली. संगीताच्या आधीचं एक मूल आमचं गेलं होतं. शपथ मोडली की पोर जातं, असं ती मानायची. मी मानायचो का? मानायचो. तरी प्यालो.

म्हसा गावची जत्रा होती. त्याआधी दोन दिवस बारकूनं जीप नेली होती, भात गिरणीवर न्यायला. त्यानं परत आणून लावली तेव्हा हिराबाई शेतावर होती. गाडीवर ओरखडा नव्हता. मी सगळीकडून फिरून बघितली होती — मेव्हण्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, सवयच ती. मग हिराबाई घरी यायच्या आतच तीच गाडी घेऊन जत्रेला सीटं मारायला गेलो. तिथं मुरबाडचा वेल्डिंगवाला भेटला. बस म्हणाला. बसलो.

येताना गाडी रिकामी होती, एवढंच बरं. मोरीच्या कठड्याला समोरून गेलो. बंपराची उजवी पट्टी तडकली, एक बोल्ट उडाला. तारेनं बांधून घरी आणली आणि तोंड लपवून झोपलो.

सकाळी हिराबाईनं बघितलं. "कुणी ठोकली?" संगीता आत तापानं फणफणत होती. खरं बोललो असतो तर हिराबाईनं काय केलं असतं — पोरीच्या तापाकडं बघितलं असतं, मग माझ्याकडं. ते मला झेपलं नसतं.

"बारकूनं," म्हणालो. "गिरणीच्या ओट्याला."

विचार न करता बोलून गेलो, असं म्हणावंसं वाटतं. पण मग ओटा कुठून आला? ओटा मी रचला ना? म्हणजे विचार होताच.

पोरीचा ताप चार दिवसांनी उतरला. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आठवड्यानं बारकू नवीन तांदूळ घेऊन आला, बहिणीसाठी. ती दारातच उभी राहिली. "ठोकलीस तर ठोकलीस, सांगायला जीभ झडली होती का रे तुझी?" तो हसला आधी, त्याला मस्करी वाटली. मग शपथा घेऊ लागला. "बाय, मी नाय ठोकली गो. दाजींना विचार की."

मी तिथंच जीपखाली होतो. मला सगळं ऐकू येत होतं. मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "जाऊ दे गो. लोखंडच आहे. आपलंच माणूस आहे."

खोटं बोललो ते एक. वर मोठं मनही दाखवलं. त्यानंच बारकूचं तोंड बंद झालं. आता तो काय बोलणार? मला खोटं पाडणार, बहिणीच्या घरात, तिच्या नवऱ्याला? तो तांदूळ ओटीवर ठेवून निघाला. तिनं ते पोतं त्याच्यामागं रस्त्यावर नेऊन ठेवलं. म्हणाली, "एकदा चुकलं म्हण, तेव्हा ये."

तो म्हणाला नाही. का म्हणेल? चुकलं नव्हतंच.

बारा वर्षं भाऊबीजेला हिराबाईनं चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही ती ओवाळते, तशी. अंगणात ताट घेऊन उभी राहायची आणि मी ओटीवर बसून बघायचो. एकदा ताट हातात घेऊन बराच वेळ रस्त्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, थंडी आहे, आत चल. एवढंच म्हणालो.

बंपर वेल्डिंग करून घेतला असता तर विषय मिटला असता, तुम्ही म्हणाल. वेल्डिंगवाला तोच, जत्रेतला. हिराबाईसमोर काही बोलला असता तर? म्हणून मी घरीच बसवायचो. घरी बसवलेला टिकत नाही. वर्षातून दोनदा ढिला व्हायचा, ती उचलून धरायची, आणि दर वेळी बारकूवरचा राग नव्यानं वर यायचा. राग विझू नये याची सोय मीच करून ठेवली होती. तार विकत आणून.

त्या दिवशी, बंपर बसवला त्याच दिवशी, तिन्हीसांजेला ती चुलीपुढं कलंडली. छातीत दुखतंय म्हणाली, मग बारकूचं नाव काढलं, का मला तसं वाटलं, ठाऊक नाही. जीपमध्ये घातली. मुरबाडला पोचायच्या आत संपलं होतं. सगळा रस्ता बंपर वाजला नाही. घट्ट बसला होता.

बारकूला निरोप मी पाठवला नाही. शेजाऱ्यानं फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं तो आला. हातात साडी होती, हिरवी. सवाष्ण गेली की तिच्या अंगावर माहेरची साडी लागते, ती भावानं आणायची. अंगणात सगळा गाव जमला होता. बारकू पायरीखालीच थांबला. संगीता दारात आली, रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, "मामा, आई म्हणायची, एकदा चुकलं म्हण आणि ये. आता तरी म्हण ना रे मामा."

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. मी ओटीवर बसलो होतो, माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघत होता तो. मी एक शब्द बोलायचा होता. तेवढा वेळ दिला त्यानं मला.

मग त्यानं साडी काखेत धरली, दोन पायऱ्या चढून माझ्या पायांवर वाकला. "चुकलं माझं, दाजी," म्हणाला. "बंपर मीच ठोकला."

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून उठवलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माफ केलं."