वाढवून घेतलेलं मौन

तुम्ही चहा घ्या, तोवर मी माझीच अब्रू काढतो. नाहीतरी कुणीतरी तुम्हाला सांगणारच.

अख्ख्या मजल्यावर एकच फोन होता, तेव्हाची गोष्ट. नुकताच रिटायर झालो आणि थायरॉइडचं ऑपरेशन निघालं. गळ्यावर ठुशीसारखी टाक्यांची ओळ घेऊन कोपरखैरण्याला घरी आलो. डॉक्टरांचा हुकूम होता, आठ दिवस अजिबात बोलायचं नाही. हिनं नातवाची पाटी हातात दिली.

आता त्या सुखाचं काय वर्णन करू? पाटीवर 'चहा' लिहिलं की चहा येई. भाजी आणायला कुणी पाठवीना. मुका माणूस घासाघीस कशी करणार? मेहुणे भेटायला येत, एकटेच बोलत आणि दमून परत जात.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता खुशाल बोला." ही तेव्हा बाहेर औषधांच्या खिडकीशी उभी होती. मी बाहेर येऊन पाटीवर लिहिलं, 'आणखी पंधरा दिवस.' जन्मभर कारकुनी केलेली. रजा वाढवून घेणं हाताला आपोआप जमतं.

त्यातच सोसायटीची मीटिंग आली. सेक्रेटरींची बदली झाली होती. सेक्रेटरी म्हणजे कोण? टाकीत पाणी नाही, वरच्यांचं बाथरूम गळतं, जिन्यात चपला कुणाच्या, या सगळ्यासाठी ज्याची बेल वाजते तो. सहा वर्षं मी ते पद नाना सबबी सांगून चुकवलं होतं. या वेळी तर सबब गळ्यावरच होती. निर्धास्त गेलो. पाटी मात्र हिनं घरी ठेवायला लावली. चारचौघांत बरं दिसत नाही म्हणे.

नावं विचारली, तर हीच उठली. "यांना करा सेक्रेटरी. घरीच असतात. आणि बोलायचं नाही, म्हणजे भांडणही नाही."

अध्यक्ष पाटील मूळ इथल्याच गावचे. ते खूश झाले. "झ्याक काम हाय. कोनाची हरकत?"

मी दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांतानं हलवले.

"हात जोडू नका, काका," पाटील म्हणाले. "आमी सगले हाव तुमच्या मागं."

ही माझ्याकडे वळली. "हरकत असेल तर आत्ताच बोला हो."

बोललो तर खोटं उघडं. गप्प राहिलो तर सेक्रेटरी. घशाशी आलेलं 'नाही' मी गिळलं. टाळ्या पडल्या.

जिना चढताना ही म्हणाली, "परवा मी देवळात गेले असं समजून सिलिंडरवाल्याशी भांडलात ना? चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं. सोळाही घरांना ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी मीटिंगचा वृत्तांत लिहायचं काम अर्थातच सेक्रेटरीचं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'निवड एकमताने झाली. उमेदवार स्वतः हजर होते. त्यांनी काहीही हरकत घेतली नाही.'