फोरमन गप्प बसला तो दिवस

"अरे भोपळ्या, टेप खिडकीला लाव, माझ्या मिशीला नको!"

आखाती युद्धाचे दिवस. बाहेर भोंगा वाजत होता, उत्तरेकडून मिसाईल येणार होतं, आणि जुबैलच्या आमच्या कॅम्पात फोरमन त्या भोंग्याच्या वरताण ओरडत होता. त्याचा तो आवाज मिसाईलने ऐकला असता, तर वाटेतूनच मागे फिरलं असतं. भोपळ्या म्हणजे त्याचा हेल्पर. दोघेही मदुरैकडचे. विषारी वायू आत येऊ नये म्हणून मेसच्या खिडक्यांच्या फटी टेपने बुजवायचं काम हेल्परकडे होतं. त्याने टेपची गुंडाळी शांतपणे खालीवर करून पाहिली.

"अण्णे, खिडकी बंद केली, तर मिसाईल दारातून येईल. दारालाही टेप लावू? पण मग जेवण कुठून येणार?"

फोरमनची चप्पल सुटली. हेल्पर सवयीने वाकला, चप्पल वरून गेली आणि भाताच्या पातेल्यात विसावली. वायूचे मास्क घातलेली शेदीडशे माणसं एकदम हसली. मास्कमधून हसण्याचा आवाज तळ्यात बसलेल्या म्हशींसारखा येतो. भोंगा कधी थांबला ते कोणालाच कळलं नाही.

ही दोघं असं का वागायची, ते सांगायला हवं. तमिळ पडद्यावर तेव्हा एक विनोदी जोडी होती. एक ओरडणारा, दुसरा मार खाणारा. नायक बदलले, नायिका बदलल्या, पण ही जोडी वर्षानुवर्षं तीच. दर गुरुवारी संध्याकाळी मेसमध्ये कॅसेट लागायची आणि रिमोट फोरमनच्या हातात असायचा. जोडी पडद्यावर नसली की तो सगळं पुढे पळवायचा. नायकाने प्रेम केलं, मारामारी केली, आई गमावली, ते सगळं आम्ही धावतच पाहिलं. मी नाशिकचा, पाइपिंग इन्स्पेक्टर, तमिळचं एक अक्षर येत नाही. पण त्या जोडीला हसून हसून माझ्या बरगड्या दुखायच्या.

तीच जोडी या दोघांनी साइटवर आणली होती, तीही हिंदीत, सगळ्यांना कळावं म्हणून. फोरमन शिवी घालायचा, हेल्पर येडपट प्रश्न विचारायचा, आणि त्या तालावर पाइप जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट आवळले जायचे. शिवी आली की पाना फिरवायचा, प्रश्न आला की दम खायचा. त्यांच्या गँगचा जॉइंट टेस्टला कधी गळला नाही. मी तर म्हणतो, त्या पाइपांत तेल नसून शिव्याच वाहत असणार.

आमच्या स्टोअरचे चाचा मात्र नवे होते. रत्नागिरीकडचे, पाच वक्त नमाजी, मन लोण्यासारखं. सिनेमा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच की एक माणूस दुसऱ्याला रोज मारतो.

"इंजिनेर, ह्या गरीबाला कोन वाली नाय काय?" ते डोळे पुसत मला म्हणाले.

"चाचा, तो खेळ आहे."

"चप्पल भातात पडली, तो पन खेळ? अख्खा कॅम्प उपाशी ऱ्हायला!"

ते थेट मुदीरकडे, म्हणजे कॅम्पच्या इजिप्शियन मॅनेजरकडे गेले. त्या दिवसांत सगळा कॅम्प राबिघला बदली मागत होता, कारण राबिघ पार पश्चिमेला, तांबड्या समुद्रावर. मिसाईल तिथवर पोचत नव्हतं. बसमध्ये एकच जागा उरली होती. चाचांनी ती भोपळ्याला मिळवून दिली. सकाळी नाश्त्याला मुदीरने नाव वाचलं आणि सगळ्यांनी हेल्परकडे असं पाहिलं, जणू त्याला बायको-पोरांसकट पुनर्जन्म मिळाला होता.

फोरमन चहा तसाच ठेवून उठला. थांब म्हणायचं कसं? थांब म्हणजे मिसाईलखाली थांब. आणि जा म्हणायला त्याची जीभ उचलेना.

त्या दिवशी साइटवर फोरमन गप्प. पाने कधी फिरवायचे ते गँगला कळेना. दोन जॉइंट गळले. मी स्वतः जाऊन दोन शिव्या घालून पाहिल्या. लोकांनी मला चहा दिला आणि बसायला सांगितलं. संध्याकाळी भोंगा वाजला. हेल्परने टेप खिडकीला सरळ लावली, एकही प्रश्न न विचारता. फोरमन मास्क घालून भिंतीकडे तोंड करून बसला. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा घाबरलो. अगदी पठाण ड्रायव्हरसुद्धा, ज्याला मी विंचू हाताने उचलताना पाहिलं होतं, तो माझा हात धरून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस आली. बसचा ड्रायव्हर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, करत हॉर्न मारत होता. हेल्पर बॅग घेऊन चढला, खिडकीशी बसला. चाचा खाली उभे राहून दुवा देत होते. फोरमन लांब, पाण्याच्या टाकीपाशी, पाठ करून उभा. बस हलली, तेव्हा मात्र त्याने एकदाच वळून पाहिलं.

हेल्परच्या गळ्यात दोन मास्क होते.

"अरे भोपळ्या!" टाकीचं पाणी हललं म्हणतात. "माझा मास्क कुठे नेतोस? राबिघला काय दोन तोंडांनी मरणार आहेस?"

बस थांबली. हेल्पर बॅगेसकट खाली उतरला.

"अण्णे, मला वाटलं, मोठा तुमचा आणि लहान माझा. मग दोन्ही घालून पाहिले. दोन्ही मलाच बसतात."

फोरमन चप्पल काढून धावला. हेल्पर टाकीभोवती पळाला, बॅग न सोडता. पूर्ण कॅम्प टाळ्या वाजवत होता. एवढ्यात मुदीरचा कारकून हेल्परच्या गरम जागेवर जाऊन बसला आणि बस निघाली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने.

चाचा डोकं धरून धावत आले. "अरे अल्ला! गेली ना गाडी! येड्या, तिथं मिसाईल येत नाय!"

हेल्परने घाम पुसला.

"तिथल्या फोरमनला ओरडता येत नाही, चाचा. मी फोन करून विचारलं होतं."