पाकिटावरचं नाव

संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. ते परळच्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले. पुढे मी त्याच इमारतीत कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागलो. दिवाळीत प्रत्येक मजल्यावरून त्यांना पाकिटात घालून पोस्त मिळायची. मी लोकांच्या हरवलेल्या फायली शोधून द्यायचो, तर मला नुसतं 'थँक यू'. शिकलेल्या माणसाला पैसे कसे द्यायचे, असा त्यांना संकोच वाटत असावा. मला मात्र वडिलांचा हेवा वाटायचा, आणि तो पैशांचा नव्हता. त्यांच्या पाकिटावर त्यांचं नाव लिहिलेलं असायचं. मला सगळे 'कॉम्प्युटरवाले' म्हणायचे.

एकदा लिफ्टमध्ये मी बोललोच, "बाबा, मजा आहे तुमची. बटण दाबा आणि पाकीट घ्या."

"गाढवा, तू सायबाच्या खुर्चीत बसतंस नि सायब बाजूक उभो ऱ्हवता," ते म्हणाले. "माका कधी कोणी 'बस' म्हटल्यान?"

ते खरंच होतं, पण हेवा काही कमी झाला नाही.

वडील दिवाळीच्या तोंडावर गेले. नंतर कामावर गेलो, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचा प्रिंटर सुरू करून दिला. निघताना त्यांनी पाकीट पुढे केलं. त्यावर वडिलांचं नाव होतं.

"आधीच लिहून ठेवलं होतं हो," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच घ्या."

मी घेतलं. वडिलांना जाऊन महिनाही झाला नव्हता, तरी मला पुन्हा त्यांचा हेवाच वाटला.

कॉम्प्युटरवाल्याला पोस्त द्यावी का, असं कुणी विचारलं तर मी द्यावी म्हणतो. फक्त आधी त्याचं नाव विचारून घ्यावं.