बोक्याला कोंडलं ते दोन दिवस

आई गेल्यावर निपाणीच्या घरात मी, आप्पा आणि बोका एवढेच उरलो. मी हायस्कूलला शिकवते, लग्न केलं नाही. वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांनी चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत मुकादमकी केली होती आणि ती सुटल्यावरही रोज इस्त्रीचं धोतर नेसायचे. बोका पांढरा, एक कान काळा. आप्पांचं त्याच्याशी वाकडं नव्हतं. दुपारी तो त्यांच्या पायाशीच झोपायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात सकाळी त्यांची गादी ओली निघायला लागली.

"तुझ्या बोक्यानं मुतलंय," असं म्हणून ते अंघोळीला गेले. मी गादी उन्हात टाकली. मोरीशेजारी बोक्याचं वाळूचं घमेलं असायचं, त्यातली वाळू बदलली. चार दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा मी बोक्याला मानगुटीला धरून नेलं आणि त्याचं नाक त्या ओल्यात घासलं. पुढच्या वेळी केरसुणी घेतली. त्याच्या पुढच्या वेळी आप्पांनी काठी घेतली. बोका कपाटाखाली शिरला होता आणि आप्पा खाली वाकून काठीनं आत ढोसत होते, अजिबात न चिडता, एखादं काम उरकावं तसे. मी त्यांना थांबवलं नाही. काठी पोचेना, म्हणून कपाट जरा पुढं ओढून दिलं.

त्यानंतर बोका मागचा पाय ओढत चालू लागला. खाणं सुटलं. ज्वारीच्या पिंपामागं बसून राहायचा आणि घमेल्याकडं फिरकायचा नाही. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मी म्हशी बघतो बाई, मांजराला बेळगावला न्या, नाहीतर संकेश्वरच्या कारखान्याजवळ सोडून या, तिथं उंदीर लई आहेत. मी झाकणाच्या टोपलीत बोका घालून बेळगावची बस धरली.

तिथली डॉक्टरीण वयानं लहान होती. तिनं बोक्याचं पोट दाबून पाहिलं, लघवी काढून तपासली. खडे नाहीत, जंतू नाहीत, म्हणाली. मग पायाचं विचारलं. भिंतीवरून पडला, असं मी सांगितलं. तिनं केस बाजूला करून बरगडीवरचे वळ मला दाखवले आणि पुढं काही विचारलं नाही. कागदावर लिहिता लिहिता सांगत राहिली. मांजर सूड म्हणून कुठं मुतत नाही. जागा सोडून करत असेल तर दुखतंय तरी, भ्यालंय तरी, नाहीतर वाळू घाण आहे. घमेलं मोरीजवळ नको, तिथं पाणी आपटतं, माणसं येतात-जातात. मारलेलं मांजर वाळूकडं जायलाच भितं, लघवी धरून ठेवतं, आणि बोक्याची वाट एकदा बंद झाली की दोन दिवसांत तो मरतो. कुंथतोय आणि थेंब येत नाही असं दिसलं तर त्याच क्षणी आणायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मग तिनं विचारलं, "गादीला वास कसला येतो?"

मी आठवून पाहिलं. बोक्याच्या मुताचा वास नाकात जातो, डोळ्यात पाणी आणतो. गादीला तसा येत नव्हता.

"दोन दिवस ह्याला एका खोलीत बंद ठेवा," ती म्हणाली. "खाणं एका कोपऱ्यात, वाळू लांब दुसऱ्या कोपऱ्यात. तरी गादी भिजली तर माणसांच्या डॉक्टरांकडं जा."

परतीच्या बसमध्ये, वंटमुरीच्या घाटातच मला सगळं कळून चुकलं होतं. खरं तर तिथूनच फोन करून आप्पांसाठी डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी होती. मी फोन केला तो माझ्या बहिणीला, चिकोडीच्या आक्काला. रविवारी दाजींना घेऊन जेवायला ये, म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी बोक्याला मागच्या खोलीत कोंडलं आणि आप्पांना त्यातलं काही सांगितलं नाही.

माझी आई त्यांच्याच वखारीत तंबाखू निवडायला होती. बाया लघवीला उठल्या की आप्पा मनगटावरचं घड्याळ बघायचे. उशीर झाला तर सगळ्यांसमोर मिनिटं मोजून दाखवायचे, आईलासुद्धा. ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, हसत.

रविवारी आक्का आणि दाजी आले तेव्हा गादी अंगणात वाळत होती. आक्कानं विचारायच्या आत आप्पा म्हणाले, "हिचा बोका. दुसरं काय."

"बोका कुठाय, आप्पा?" मी विचारलं.

"आसंल कुठंतरी."

मी त्यांचा हात धरून त्यांना मागच्या खोलीपर्यंत नेलं. आक्का आणि दाजी मागून आले. कडी काढली. बोका पोत्यावर बसला होता, आप्पांना बघून भिंतीला चिकटला. घमेल्यात वाळूचे नीट झाकलेले ढीग होते.

"परवापास्नं हितं कोंडलाय ह्यो."

आप्पा घमेल्याकडं बघत राहिले. दाजी हसले आणि मग मोबाइलमध्ये बघायला लागले. तेवढ्यावर थांबायचं होतं. मी थांबले नाही.

"वखारीत बायांना घड्याळ लावायचा न्हवं? आता तुमालाबी लावूया."

आक्का म्हणाली, "गप गं." पण तिनं नाकाला पदर लावला होता. तो आप्पांनी पाहिला.

त्या दिवसापासून त्यांनी पाणी सोडलं. ताटाजवळचा तांब्या भरलेला परत यायचा. चहा नको, ताक नको. एप्रिलचं ऊन होतं. मला दिसत होतं, आणि रोज सकाळी गादी कोरडी निघते याचं बरंही वाटत होतं. चौथ्या दिवशी ते मोरीत पडले.

दवाखान्यात लघवीसाठी नळी घातली. डॉक्टर म्हणाले, ह्या वयात प्रोस्टेट सुजतोच, वेळेत आणलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं. त्रास कधीपासून होता, विचारलं. मी माहीत नाही म्हटलं. आप्पा खाटेवरून माझ्याकडं बघत होते.

आक्का त्यांना दवाखान्यातूनच चिकोडीला घेऊन गेली. बापाला पोटच्या पोरीनं मांजरापायी हाकललं, अशी पाहुण्यारावळ्यांत बोलवा झाली. मी कुणाला काही सांगितलं नाही. खरं सांगितलं असतं तर माझंच वाक्य सांगावं लागलं असतं.

आक्कानं त्यांच्यासाठी मागच्या पडवीत फळ्यांची खाट टाकली होती, वर रबराची चादर. गादी नव्हतीच. गोळ्यांनी पुढं त्यांचं बरंच ताब्यात आलं, तरी गादी मिळाली नाही. नातवंडं पडवीतून पळत जाताना नाक धरायची. कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी बघितलं होतं. मी महिन्यातून एकदा जायचे. आप्पा शाळेचं विचारायचे, बसला गर्दी होती का विचारायचे. इस्त्रीचं धोतर गेलं होतं. लुंगीवर बसलेले असायचे.

नोव्हेंबरात आक्का मला घरामागच्या परड्यात घेऊन गेली. "नेतीस का गं त्यास्नी?" तिनं विचारलं. "मला न्हाय हुईत आता."

घरी परतल्यावर कुठलाच वास येत नाही, ह्याची मला सवय झाली होती.

"परीक्षा चालल्यात," मी म्हटलं.

आक्काची दोन्ही पोरं शाळेत जातात. परीक्षा कधी असतात हे तिला ठाऊक होतं. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. संक्रांतीच्या आत आप्पा त्या फळ्यांवरच गेले.