पंचेचाळीसच्या वेगातली बाई

दादानं मला परळीच्या स्टेशनवर गाडीत बसवलं आणि तो धारूरला परत गेला. मी हैदराबादला उतरलो आणि इथंच राहिलो.

त्या वर्षी पाऊस नव्हता. दादा लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लग्नं आणि सहकारी कारखान्याच्या सभा यांवर घर चालायचं. ऊस वाळला, सभा थांबल्या, लग्नं लोकांनी पुढं ढकलली. भोंगे पत्र्याखाली पालथे पडून होते. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं आणि आम्ही दोघं दुपारी दुकानात बसून एकच रेकॉर्ड ऐकायचो.

औरंगाबादहून आणलेल्या जुन्या रेकॉर्डींच्या गठ्ठ्यात ती आली होती. इंग्रजी, आकारानं मोठी, लग्नात निरुपयोगी. गिटार, मागं पियानो, आणि एक बाई भराभर गायची. शब्द आम्हाला कळत नव्हते.

“बाईला लई घाई हाय बे,” दादा म्हणायचा. “हिची येस्टी सुटायला आलीय.”

आवरणावर दाढीवाले चार पुरुष होते. बाईचा फोटो का नाही, असं मी विचारलं.

“हे वाजवणारे. ती चांगल्या घरची हाय. उगं फोटोला उभी ऱ्हात न्हाई.”

पुढचा जूनही कोरडा गेला तेव्हा त्यानंच मला ग्रंथालयातल्या नोकरीसाठी इकडं धाडलं. “शिकलेला हायेस. हितं धूळ खात बसतूस कावून?”

हैदराबादेत नळाला पाणी होतं. मी तोटी उघडून नुसता बघत उभा राहायचो, आणि घरमालकीण खिडकीतून म्हणायची, “नल बंद करो मियाँ, दरिया नहीं है.” नंतर लग्न झालं, फ्लॅट झाला, मी निवृत्त झालो. दिवाळीला धारूरला जात होतो. तोवर कॅसेटी आल्या होत्या. दुकानात तसं बसणं पुन्हा झालं नाही.

यंदा दादा गेला. तेरावं झाल्यावर वहिनींनी कपाटातून ती रेकॉर्ड काढली. “भावजी, तुमची बाई घिऊन जावा. मी हिचं काय करू?”

मला ती बाई पुन्हा ऐकायची होती. दादाचं दुसरं काही मी मागितलं नाही. इथं येऊन प्लेअर विकत घेतला आणि सुई टेकवली.

पुरुष गात होता. सावकाश. मी बाजू उलटून पाहिली, तिथंही तोच.

मग आठवलं. आमच्या प्लेअरचा वेगाचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवर अडकलेला होता. लग्नातल्या लहान रेकॉर्डींना तोच वेग लागायचा, म्हणून तो कधी दुरुस्त केला नाही. ही रेकॉर्ड तेहतीसची होती. जास्त वेगात त्याचाच आवाज बारीक होत होता; बाई नव्हतीच. मुलीनं मोबाईलवर शोधलं: त्या चौघांची ही एकच रेकॉर्ड, तेव्हाही फारशी कुणी घेतली नव्हती.

आता शब्दही कळत होते. तो कुणाला तरी जाऊ नको म्हणत होता, फारसा आग्रह न करता.

हे दादाला सांगायला हवं, असं वाटलं. त्यापलीकडे काही वाटलं नाही. मी उठून खटका पंचेचाळीसवर केला. बाई आली, घाईत. मी गाणं संपेपर्यंत बसलो. येस्टीचं कुणी काही बोललं नाही.

धारूरला वहिनी आहेत आणि बंद दुकान आहे. माझ्याकडे ही रेकॉर्ड आहे. खटका मी पंचेचाळीसवरच ठेवला आहे.