बेटावरचे साहेब

कुठलीही फाइल आली की दाबके साहेब कोपऱ्यात हिरव्या शाईने 'चर्चा करा' एवढंच लिहीत. चर्चेला गेलं की कविता ऐकवत. मी त्यांचा कारकून. तीन वर्षं मुकाट्याने ऐकल्या. गेल्या महिन्यात साहेब नाशिकला वारले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायची आपल्यात रीत आहे, पण मला ते जमणार नाही.

नाशिकच्या पश्चिमेला, पार डोंगरात आमची बांधकाम खात्याची कचेरी. तिथली बदली साहेबांच्या लेखी शिक्षाच. चीनच्या कुणा बादशहाने एका अधिकाऱ्याला दूरच्या बेटावर धाडलं आणि त्याने तिथे कविता लिहिल्या, ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत. "महाले, आपण बेटावर आहोत हो, बेटावर!" मी मात्र तिथलाच. पुढे कुठेसं वाचलं, त्या चिनी माणसाने म्हणे बेटावरच्या लोकांसाठी विहिरी खणवल्या. साहेबांनी ते पान उलटलं नसावं.

खरं बेट म्हणजे माझं गाव. पावसाळ्यात नदी चढली की येणंजाणं बंद. पायी जाण्यापुरता एक साकव बांधून द्या, असा ठराव गावाने केव्हाच दिला होता. त्यावर हिरवी शाई. मी सहा वेळा चर्चेला गेलो. शेवटी म्हणालो, "साहेब, बहीण बाळंतपणाला गावी आलीय. निदान जागा तरी बघून या."

भर श्रावणात ते निघाले. मी सोबत येतो म्हटलं, तर म्हणाले, "तुम्ही कचेरी सांभाळा." संध्याकाळी परतले ते हरखूनच. "महाले, पल्याड एक बाई गात होती हो! शब्द कळेनात, पण काय आर्त स्वर! तासभर उभा होतो." कविता तयारच होती.

आमच्याकडे मोबाइलला रेंज नाही. नदीपार हाळी द्यायची तर हेल काढून, लांबवून द्यावी लागते, नाहीतर पाण्याच्या आवाजात विरते. दुसऱ्या दिवशी पाणी जरा ओसरल्यावर गावचा एक जण टायरच्या ट्यूबवर नदी ओलांडून आला, तेव्हा कळलं. ती बाई माझी आई होती. सरकारी जीप दिसली म्हणून जीव तोडून ओरडत होती, "पोर आडली रंऽऽ! दोर घेऊन मानसं धाडा रंऽऽ!" साहेबांनी छत्रीखालून तिला हात केला आणि निघून आले. बहीण वाचली. बाळ गेलं.

मी साहेबांना सगळं सांगितलं. आईचं नावही सांगितलं. त्यांनी हिरव्या शाईच्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "पण महाले, सूर अगदी लागला होता हो." तेव्हापासून मी या माणसाचा द्वेष केला, आजही करतो.

निवृत्तीनंतर नाशिकला त्यांचा संग्रह निघाला. समारंभ झाला, टाळ्या झाल्या, मलाही सही केलेली प्रत मिळाली. पहिलीच कविता ती. खाली लिहिलंय, 'नदीपल्याडच्या अनाम गायिकेस'.

तिचं नाव सोनाबाई महाले. साहेबांना ते माहीत होतं.